जाळी खाली येईपर्यंत

बेथेल क्रॉसिंगच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये पाळकाची जागा मिळाली तर आपल्या पदरात काय काय पडेल, याची यादी विन्फ्रेड स्ट्राउडने शुक्रवारी गाडी चालवता चालवता बायकोला, लेनोराला, तीनदा ऐकवली. राहायला विटांचं घर, तेही बिनभाड्याचं. पगार आत्ताच्या दीडपट. पत्रं टाइप करायला वेगळी बाई, म्हणजे इतकी वर्षं ते काम फुकटात करणाऱ्या लेनोराची सुटका. ही बाब त्याने उपकार केल्याच्या सुरात सांगितली. शिवाय चर्चसमोरच्या पाटीवर आपलं नाव, हमरस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट होती. शनिवारची दुपार मोटारींच्या शर्यतीत घालवायची.

ती अट कुणी कागदावर लिहिली नव्हती. निवड समितीचे प्रमुख गार्लंड बरिस फोनवर एवढंच म्हणाले होते, "रविवारी तुमचं प्रवचन, त्यानंतर मतदान. आणि शनिवारी आमच्या ट्रॅकवर शर्यतीआधीची प्रार्थना तुम्ही केलीत तर लोकांना बरं वाटेल, पाद्रीबाबा."

विन्फ्रेडने लगेच होकार दिला होता. फोन ठेवल्यावर मात्र तो लेनोराला म्हणाला, "या लोकांना अडीच तास डावीकडे वळणाऱ्या गाड्या बघायला आवडतात. उजवीकडेसुद्धा नाही. फक्त डावीकडे."

शर्यतीबद्दल त्याची स्वतःची एक उपपत्ती होती, आणि आपली असल्यामुळे ती त्याला फार प्रिय होती. माणसं शर्यत बघायला येतच नाहीत, अपघात बघायला येतात. तोंडाने कबूल करत नाहीत, पण आतून वाट बघत बसतात. पूर्वी रोममध्ये माणसं सिंहापुढे टाकत, आता सिंहाच्या जागी इंजिन आलं, इतकंच. या विषयावर त्याने एकदा प्रवचनही केलं होतं. त्यासाठी आयुष्यात एकही शर्यत बघायची गरज त्याला भासली नव्हती.

शनिवारी दुपारी दोनला गार्लंडने दोघांना ट्रॅकवर नेलं. अर्ध्या मैलाचा डांबरी वाटोळा रस्ता, भोवती सिमेंटची भिंत, एका बाजूला पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर तीनेक हजार माणसं. बरिस मंडळी बसायची ती ओळ चाळीस वर्षं ठरलेली होती. गार्लंडची बायको ओपल आधीच येऊन बसली होती. पायाशी बर्फाची पेटी, मांडीवर उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी. पंचाहत्तरीची बाई, पण डोक्यावरच्या टोपीवर नातवाच्या गाडीचा नंबर, सत्तावीस.

"ये गं, इथे बस माझ्याजवळ," ती लेनोराला म्हणाली. "शेंगा खा. टरफलं खाली टाक, इथे कुणी काही म्हणत नाही."

विन्फ्रेडला मैदानात नेऊन ध्वनिक्षेपक हातात दिला. तीन हजार टोप्या डोक्यावरून उतरल्या. इथली प्रार्थना अर्ध्या मिनिटाची असते: पोरांना सांभाळ, मेकॅनिकांना सांभाळ, पाऊस थांबव, आमेन. विन्फ्रेडने सव्वाचार मिनिटं घेतली. त्याने सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली, चाकाच्या शोधापाशी थोडा रेंगाळला, 'जीवनाच्या वळणांवर' दोनदा जाऊन आला. गाड्यांमध्ये पट्टे आवळून बसलेली पोरं घामाने भिजली. आमेन झालं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. तो सुटकेचा होता हे विन्फ्रेडला कळलं नाही. जागेवर येऊन बसताना तो लेनोराच्या कानाशी म्हणाला, "जिंकलं."

मग इंजिनं सुरू झाली आणि बोलणं ओरडून करावं लागलं.

गाड्या दिसायला बाजारातल्या गाड्यांसारख्याच, पण आतून सोलून काढलेल्या. चालवणाऱ्याभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा, आणि खिडकीला काचेऐवजी जाड पट्ट्यांची जाळी. गार्लंडने कानाला मोठे हेडफोन लावले होते. त्यात नातवाचं आणि त्याच्या माणसांचं आपसातलं बोलणं ऐकू यायचं. दहा फेऱ्या झाल्या तेव्हा विन्फ्रेडने घड्याळ पाहिलं. पंधरा झाल्या तेव्हा पुन्हा पाहिलं.

"गार्लंडसाहेब, खरं सांगा," चेहऱ्यावर प्रवचनातलं हसू आणून त्याने विचारलं, "तेच तेच गोल गोल फिरणं. कंटाळा नाही येत?"

गार्लंडने एक हेडफोन कानामागे सरकवला. "पाद्रीबाबा, तुम्हीही चाळीस वर्षं एकच पुस्तक वाचताय. शेवट ठाऊक असून."

विन्फ्रेड मोठ्याने हसला. इतक्या मोठ्याने की पुढच्या ओळीतल्या माणसाने वळून पाहिलं.

इकडे ओपल लेनोराला गाव समजावून सांगत होती. "तो आठ नंबर दिसतो? पेट्रोल पंपवाला वेंडल. त्याच्या मागचा एकतीस नंबर त्याचा मेव्हणा. सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, आईच्या कपाटावरून. आता बघ, बोलतील."

एकतीस नंबरने आठ नंबरला वळणावर मागून हलकेच ढोसलं. आठ नंबर भेलकांडला, सावरला आणि पुढच्या फेरीत त्याने ढोसण्याची परतफेड केली.

"झालं बोलणं," ओपल म्हणाली.

लेनोरा खुदकन हसली. विसाव्या फेरीपर्यंत तिला सात गाड्या, तीन भांडणं आणि एक मोडलेलं लग्न पाठ झालं होतं. ज्या गोंगाटाने तिच्या नवऱ्याचं डोकं उठलं होतं, त्यात तिला आता माणसं दिसत होती. नवऱ्याच्या चर्चमधल्या मंडळींना वीस वर्षं चहा ओतताना तिने हेच तर केलं होतं, फक्त तिथे एवढा खरेपणा नसायचा.

"आणि ती जाळी कशाला?" तिने विचारलं.

"हात बाहेर येऊ नये म्हणून," ओपल म्हणाली. "पण आमच्यासाठी तिचा अर्थ वेगळा. गाडी आपटली की आतल्याने जाळी खाली पाडायची. म्हणजे, मी ठीक आहे. जाळी खाली येईपर्यंत इथे कुणी तोंड उघडत नाही. आली की मग टाळ्या."

"ऐकलंस का?" लेनोरा नवऱ्याला म्हणाली.

"हं," विन्फ्रेड म्हणाला. तो उद्याच्या प्रवचनाचा तिसरा मुद्दा मनात घोळवत होता. बायका शेंगा सोलताना जे बोलतात ते ऐकायची सवय त्याला नव्हती.

साठाव्या फेरीच्या सुमाराला त्याला जाणवलं की आपण पुरेसे मिसळत नाही आहोत. पुढच्या ओळीतला माणूस एकदा मागे बघून बायकोला काहीतरी कुजबुजला होता. मतदान उद्यावर आलेलं. आपणही यांच्यातलेच आहोत, उगीच नाक वर करून बसणारे नाही, हे दाखवायची एखादी ठसठशीत संधी हवी होती. हे लोक कशाची वाट बघत बसतात हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, याची त्याला खात्री होती.

बासष्टाव्या फेरीत संधी आली. तिसऱ्या वळणावर एका गाडीचं टायर फुटलं, ती आडवी झाली आणि मागून पूर्ण वेगात येणारा सत्तावीस नंबर तिच्यावर चढला. गार्लंडचा नातू कोल्बी. गाडी भिंतीला घासली, हवेत गेली, दोन कोलांट्या खाऊन चाकांवर आदळली. पुढचा भाग उरला नव्हता. पांढरा धूर निघत होता.

शर्यत थांबवणारा लाल झेंडा फडकला. सगळी इंजिनं बंद झाली. तीन हजार माणसं उभी राहिली.

विन्फ्रेडही उभा राहिला. त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "वा रे बहाद्दर!" तो ओरडला. "पैसे वसूल!"

त्या शांततेत त्याच्या टाळ्या चारही वळणांपर्यंत पोचल्या. सहा-सात झाल्या असतील. मग त्याच्या लक्षात आलं की आजूबाजूच्या सगळ्यांच्या टोप्या हातात आहेत. कुणाचे ओठ हलत होते. पेट्रोल पंपवाला वेंडल आपली गाडी मध्येच टाकून धुराच्या दिशेने धावत होता, आणि त्याच्या मागोमाग त्याचा मेव्हणा. तीन हजार माणसं एकाच वेळी देवाशी बोलत होती आणि त्या मैदानात देवाचा एकुलता एक पगारी माणूस टाळ्या वाजवत होता.

लेनोराने त्याचं मनगट धरून खाली ओढलं.

"काय झालं?" तो म्हणाला.

"गप्प बस."

गार्लंडने दोन्ही हेडफोन कानांवर दाबून धरले होते. "काही ऐकू येत नाही," तो ओपलला म्हणाला. "ते हाका मारताहेत. हा बोलत नाही."

ओपलने शेंगांची पिशवी बाकावर ठेवली, काठाला काठ जुळवून, आणि नजर त्या जाळीवर लावली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, पाहुण्याकडे तर नाहीच.

किती वेळ गेला असेल? घड्याळावर चाळीस सेकंदं. त्यानंतर जाळीचा वरचा कोपरा हलला. अडकला. पुन्हा हलला. आणि जाळी खाली लोंबली.

तेव्हा जो आवाज झाला त्यापुढे इंजिनंही फिकी. अनोळखी माणसं एकमेकांच्या पाठी थोपटत होती. पुढच्या ओळीतला दांडगा माणूस टोपीने डोळे पुसत होता. आता टाळ्या वाजवाव्यात की नाही हे विन्फ्रेडला ठरवता येईना, म्हणून त्याने हात खिशात घातले.

"देवाची कृपा, गार्लंडसाहेब," तो म्हणाला.

"हो," गार्लंड हेडफोन काढत म्हणाला. "ती वेळेवर आली. तुम्ही जरा लवकर आलात."

एवढंच. इथली माणसं पाहुण्याशी वाईट बोलत नाहीत. संध्याकाळी ओपलने त्यांना जेवायला वाढलं, विन्फ्रेडला दोनदा विचारून मांसाचा मोठा तुकडा दिला, आणि कोल्बीचं गळपट्टीचं हाड मोडलंय, बाकी ठीक, असं हवामान सांगावं तसं सांगितलं. लेनोराने पाहुण्यांच्या खोलीत दार लावून नवऱ्याला म्हटलं, "उद्या उभा राहिलास की पहिल्यांदा माफी माग. एका वाक्यात. चुकलो म्हण. हे लोक माफ करतील."

"माफी मागितली तर चूक केली असं होईल," विन्फ्रेड म्हणाला. त्याने रात्रभरात त्याहून चांगलं काहीतरी शोधून काढलं.

रविवारी चर्च भरलेलं होतं. कोल्बी हात गळ्यात बांधून तिसऱ्या ओळीत आजीशेजारी बसला होता. विन्फ्रेड त्याच्याकडे प्रेमाने पाहत म्हणाला, "काल काही बंधुभगिनींना प्रश्न पडला असेल, की पाळकाने टाळ्या का वाजवल्या? सांगतो. तुम्ही सगळे भीत होतात. पण मला आतून आवाज आला होता, की हा मुलगा सुखरूप आहे. माझ्या टाळ्या श्रद्धेच्या होत्या."

लेनोरा पहिल्या ओळीत होती. मागे वळून बघायची तिला गरज नव्हती. सगळ्या बाकांची लाकडं एकदम करकरली, म्हणजे माणसं बूड हलवून सावरून बसली, आणि मग इतकी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. टाळ्या त्यांनी कदाचित पोटात घातल्या असत्या. परमुलुखातला माणूस, त्याला काय ठाऊक, म्हणाले असते. पण 'पैसे वसूल' हे शब्द चार ओळींनी स्वच्छ ऐकले होते, आणि आतला आवाज असं बोलत नाही हे कोल्बीपासून ओपलपर्यंत सगळ्यांना कळत होतं.

मतदानाच्या वेळी पाहुण्यांना मुलांच्या वर्गात बसवलं. खुर्च्या गुडघ्याएवढ्या. विन्फ्रेड त्यातल्या एकीवर बसून म्हणाला, "प्रवचन रंगलं. जाणवलं तुला? सगळे कसे स्तब्ध झाले होते."

लेनोरा भिंतीवरची मुलांनी रंगवलेली होडी बघत राहिली.

गार्लंड आला तो टोपी हातात घेऊन. "शहाऐंशी चिठ्ठ्या," तो म्हणाला. "तुमच्या बाजूने नऊ. आमच्या नियमाप्रमाणे तीनचतुर्थांश लागतात. जेवण तयार आहे, पाद्रीबाबा. जेवल्याशिवाय जायचं नाही."

जेवणात तळलेली कोंबडी होती, बटाट्याचं सॅलड होतं, गोड गार चहा होता. शहाऐंशी माणसांनी त्याच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. त्या नऊ चिठ्ठ्या कुणाच्या ते कुणी विचारलं नाही. त्यातल्या सहा जणांना ऐकू कमी येतं, असं वेंडलचं म्हणणं. निघताना ओपलने लेनोराच्या हातात चीजच्या सँडविचांचा डबा दिला. "पुढच्या महिन्यात पुन्हा शर्यत आहे गं. तू ये. त्यांना काम असेल तर एकटी ये."

झालेल्या गोष्टीचा हिशेब असा. कोल्बीने एक हाड आणि एक गाडी दिली. हाड सहा आठवड्यांत जुळलं, गाडी गावाने मिळून उभी केली. बेथेल क्रॉसिंगला आणखी सात महिने पाळक नव्हता, आणि दर रविवारी गार्लंडला चष्मा लावून, अडखळत, जुनी प्रवचनं वाचून दाखवावी लागली. विन्फ्रेडला एका पैचीही तोशीस लागली नाही. इंजिनाला देव मानणाऱ्या अडाण्यांना आपण कसं खडसावलं आणि त्यांची जागा कशी नाकारली, हे तो अजून सांगतो, आणि दर वेळी नाकारणं थोडं जास्त ठाम होतं. राहिली लेनोरा. जुन्या चर्चच्या बायकांनी तोवर निरोपाचा केक सांगून ठेवला होता. सोमवारी सकाळी त्या एकेचाळीस जणींसमोर उभं राहून, "आम्हालाच ती जागा नको वाटली," हे वाक्य तिला म्हणावं लागलं. ते तिने एकदाच म्हटलं, नीट, स्वच्छ आवाजात, कुणाच्याही डोळ्यांकडे न बघता. केकचे पैसे परत मिळाले नाहीत. तेही तिनेच भरले.