मामांनी घासलेला लाल दिवा

मित्रांनो, जरा बूड टेकवा, माझी फजिती सांगतो. मी एक जुना लाल दिवा आहे. दुकानातून आलो तेव्हा पांढराच होतो; लाल रंग मला प्रयोगशाळेतल्या बाईंनी फासला. त्या माशाच्या डोळ्यातल्या पातळ पडद्यावर काम करतात. ते काम अंधारातच चालतं, आणि माझा मिणमिणता लाल उजेड त्या पडद्याला फारसा कळत नाही. म्हणून तर माझा मान!

त्या पडद्यातल्या पेशी म्हणजे उलट्या डोक्याची जमात. उजेड टिपणारी पेशी अंधारात शेजारणीला रसायन वाढतच राहते, थांबायचं नाव नाही. बाईंनी उजेडाची चमक दिली की हात आखडते. मग शेजारीण दचकते आणि बाईंच्या यंत्राचा काटा उडतो.

नऊ वर्षं काटा उडत होता. मग एकदम गप्प. तीन आठवडे हूं नाही की चूं नाही. बाईंनी मासे बदलले, पेशीत टोचायच्या सुया बदलल्या. शेवटी अशी वेळ आली, की दुसऱ्याच दिवशी मोठे साहेब तपासणीला येणार होते. काटा हलला नाही तर खोलीला कुलूप, बाईंचं काम पाण्यात.

दोष कुणाचा? आमचे शिपाईमामा, लाख माणूस! रोज सकाळी भांड्यांच्या पावडरीनं मला घासायचे. "कसा लखलखतोय आमचा गडी!" मी फुगायचो, आणि माशाच्या बाजूचा रंग निघून तिथून पांढरा उजेड सतत पडद्यावर सांडत होता; मग चमक दिली तरी पेशीला नवं काय कळणार? पण दिव्याला तोंड कुठंय सांगायला?

तेवढ्यात मामा चहा घेऊन आले.

"बाई, हिरवा स्वेटर झकास दिसतो हां तुम्हाला."

"मामा, आज चेष्टा नको."

"चेष्टा कसली? चांगला पोपटी आहे की!"

बाई ताडकन उठल्या. "हिरवा? लाल उजेडात तो काळा दिसायला हवा!" त्यांनी मला गर्रकन फिरवलं. "याला कुणी घासलं?"

"आम्हीच. चकाचक ठेवलाय."

बाईंनी कपाळाला हात लावला, मग हसत सुटल्या. "अहो, तुमच्या चकाचकीपायी तीन आठवडे माशाचा दिवसच मावळला नाही!"

मला रंगाचे दोन हात बसले. दुसऱ्या दिवशी बाईंनी उजेडाची चमक दिली आणि काटा असा उडाला, की साहेब दोन पावलं मागं सरले. म्हणाले, "चालू द्या काम."

मामांना आनंदानं रडूच कोसळलं. आता ते इकडेच येताहेत, हातात फडकं, डोळ्यांत माया. मित्रांनो, हात जोडतो, कुणीतरी त्यांना बोलण्यात गुंतवा!