चाळायची खोली

आधीच सांगते, मला कुणी शिपाई म्हटलेलं खपत नाही. हुद्दा प्रयोगशाळा परिचर. सत्तावीस वर्षं मी मातीच्या प्रयोगशाळेत माती वाळवली, कुटली आणि चाळली. वरच्या मजल्यावर शास्त्रज्ञ लोक जे आकडे काढतात ना, ते सगळे आधी माझ्या तळमजल्यावरच्या खोलीतून जातात. चाळायची खोली म्हणतात तिला. दारात पाऊल टाकलं की आधी शिंक येते. म्हणून तिथे कुणी फिरकत नसे आणि मलाही ते बरंच होतं.

मोठे साहेब पाहुणे आले की जिन्यावरूनच माझ्या दाराकडे हात करायचे. “आमच्या मावशींच्या हातची माती,” म्हणायचे, “अशी एकसारखी माती तुम्हाला कुठे मिळायची नाही.” साहेबांचा दबदबाच तसा. सबंध परिसरातल्या जमिनींत काय किती आहे, याचे नकाशे त्यांनी काढलेले. त्यांतला जस्ताचा नकाशा त्यांच्या खुर्चीमागे भिंतभर लावलेला होता, हिरवागार. हिरवा म्हणजे जस्त पुरेसं, वरून घालायची गरज नाही. शेतकरी त्या नकाशावर डोळे मिटून विसंबायचे. आणि तो सगळा हिरवा रंग माझ्या चाळणीतून खाली पडलेला, त्यामुळे माझीही मान ताठ. निवृत्तीला चार महिने उरले होते. सत्काराच्या भाषणात काय बोलायचं, तेसुद्धा मी भांडी घासताना ठरवून ठेवलं होतं.

त्याच्या जवळजवळ तीन वर्षं आधी आमच्याकडे ती आली होती. मी तिचं नाव ठेवलं टाचणी, कारण अंगानं बारीक आणि स्वभावानं टोचणारी. शास्त्रज्ञ म्हणून तीन वर्षांच्या बोलीवर लागली होती. काम चांगलं झालं तर कायम, नाहीतर रामराम, आणि ती मुदत आता संपत आली होती. ती मातीवाली नव्हे, झाडांच्या आजारांवर शिकलेली. मक्याची पानं कागदी पिशव्यांतून घेऊन यायची आणि टेबलावर पसरून त्यांच्याकडे अशी बघत बसायची, की जणू पान आता बोलेल.

एकदा एक पान घेऊन ती माझ्या दारात आली. दोनदा शिंकली आणि म्हणाली, “मावशी, हे बघा. कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेला लागून दोन्हीकडे पांढरे पट्टे. जस्त कमी पडल्याशिवाय असं होत नाही. आणि आपला नकाशा म्हणतो, या शेतात जस्त भरपूर.”

“मग पान खोटं बोलतंय,” मी म्हटलं.

“पानाला खोटं बोलून काय मिळणार आहे?”

त्या शेतातली माती तिनं स्वतः आणली, स्वतःच वर चाळली आणि मोजली. जस्त निघालं कमी. पुन्हा मोजलं, कमी. तिनं पाणी बदललं, आम्ल बदललं, बाटल्या बदलल्या. आणखी अकरा शेतांची माती आणली. सगळीकडे कमीच. साहेबांकडे गेली तर ते हसले. “हात बसायला वेळ लागतो,” म्हणाले. दुसऱ्यांदा गेली तेव्हा हसले नाहीत. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते, आणि आतला आवाज अख्ख्या मजल्याला ऐकू आला. “एकोणीस वर्षांचे आकडे चुकीचे आणि तुमचे बारा बरोबर?”

ती बाहेर आली तेव्हा नाक लाल झालेलं. माझ्या शेजारी बसली. तिच्या नेमणुकीचा निकाल लावायला शुक्रवारी समिती येणार होती, आणि साहेबांनी अहवालात ‘मोजणीत अचूकता नाही’ असं लिहायचं ठरवलं होतं. हे तीन शब्द एकदा कागदावर आले की दुसरी कुठलीही प्रयोगशाळा तिला उभं करणार नव्हती. हे मला कुणी सांगायला नको, सत्तावीस वर्षं बघत होते.

“मावशी,” ती रडत रडत हसली, “तुम्ही मातीत काय मिसळता हो?”

माझं डोकंच फिरलं. “मी? मी मिसळते? अगं, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून चाळतेय मी! माझ्या खोलीत एका पिशवीचा कण दुसऱ्या पिशवीत जात नाही. चाळणी बघ माझी, तोंड दिसेल त्यात!” असं बोलून तणतणत खाली आले आणि दार आपटलं.

खाली आले आणि समोर चाळणी. पितळेची. तोंड दिसावं अशी घासलेली.

आता काय झालं होतं ते सांगते. मी लागले तेव्हा नायलॉनची चाळणी होती. पद्धतीच्या पुस्तकातही तसंच छापलेलं, नायलॉनची चाळणी. मला वाटलं, स्वस्त म्हणून लिहिलं असेल. ती एकोणीस वर्षांपूर्वी फाटली. शेजारच्या वाळू मोजणाऱ्या खोलीत पितळेच्या चाळण्या पडून होत्या. भक्कम, सुबक, भोक न भोक सारखं. मी एक मागून आणली. कुणाला विचारलं नाही. चांगली वस्तू वापरायला विचारायचं कशाला? लाकडी दांड्यानं ढेकूळ तिच्यावर रगडलं की माती कशी भुरुभुरु खाली पडायची. आणि पितळ म्हणजे काय, तर तांबं आणि जस्त. हे मला माहीत होतं हो! शाळेत शिकले होते. पण घासघासून चाळणी झिजते ती जाते कुठे, हा विचार एकोणीस वर्षांत एकदाही डोक्यात आला नाही. आधीच्या दोन चाळण्या तर मी झिजल्या म्हणून बदलल्याही होत्या.

तरी मन मानेना. राखीव कपाटातून एका जुन्या नमुन्याची न चाळलेली ढेकळं काढली. प्रत्येक नमुन्याची मूठभर अशी ढेकळं ठेवायची, हा नियम मी कधी मोडला नव्हता. त्यांचे दोन भाग केले. एक पितळेतून, एक त्या फाटक्या नायलॉनला टाके घालून. दोन पिशव्या यंत्रावरच्या माणसाला नेऊन दिल्या आणि म्हटलं, काही विचारू नकोस, मोज. पॉइंट सहाच्या खाली जस्त कमी समजतात. नायलॉनची माती आली पॉइंट चार. पितळेची एक पॉइंट तीन.

मी तिथेच स्टुलावर बसले. त्या भिंतभर नकाशातला हिरवा रंग माझ्या चाळणीचा होता.

सकाळी आमच्या ह्यांना सांगितलं. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, बोलतात कमी. “चार महिने राहिलेत,” म्हणाले. “ती तरुण आहे, दुसरीकडे लागेल. तुझं नाव गेलं तर परत येईल का?”

“आणि तिचं गेलं तर?”

“तुझ्यावर कुणाचाही संशय नाही.”

“तेच तर खातंय मला! संशय तिच्यावर घेतायत, आणि तिच्या हाताला खोट नाही. ती एकटीच बरोबर आहे आणि तिला आपण चुकलो असं वाटायला लागलंय. माझ्यामुळे.”

ह्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मग म्हणाले, “चांगले कपडे घालून जा. चूक सांगायला गबाळं जाऊ नये.”

शुक्रवारी समितीचे तिघे बाहेरून आले. साहेब मध्ये बसले होते. टाचणी समोर खुर्चीच्या अगदी कडेला. मी दार वाजवलं नाही, ढकललंच. काखेत चाळणी, हातात दोन पिशव्या.

“मावशी, चहा नंतर,” साहेब म्हणाले.

“चहा नाही आणला, साहेब. चूक आणलीय.”

आणि सांगितलं सगळं. फाटलेली नायलॉनची, मागून आणलेली पितळेची, न विचारता, एकोणीस वर्षं. दोन पिशव्यांचे दोन आकडे सांगितले. एक शब्द गाळला नाही. समितीतल्या वयस्कर बाईंनी विचारलं, “हे सांगायला तुम्हाला कुणी पाठवलंय का?”

“मला पाठवणारा अजून जन्माला यायचाय,” मी म्हटलं. टाचणी तोंडावर हात ठेवून बसली होती.

साहेबांनी चष्मा काढला. वळून नकाशाकडे बघितलं. मला वाटलं आता भडकतील, आणि भडकले असते तर मी खाली मान घालून ऐकलं असतं. पण त्यांनी विचारलं, “मावशी, तुमच्या खोलीत मी शेवटचा कधी आलो होतो?”

“पंखा बसवला तेव्हा.”

“किती वर्षं झाली?”

“बावीस.”

“मग सही करणाऱ्याची चूक मोठी,” साहेब म्हणाले. समोरचा अहवाल त्यांनी उभा फाडला, कोरा कागद घेतला आणि सगळ्यांदेखत नवा लिहिला. टाचणी कायम झाली. साहेब खुर्चीवर चढले आणि त्यांनी नकाशा स्वतःच्या हातानं उतरवला. साठीला आलेला माणूस, खुर्ची डगमगत होती. मी आणि टाचणीनं दोन बाजूंनी धरली.

मग चार महिने मी मान वर केली नाही. राखीव कपाटात अकराशे साठ नमुन्यांची ढेकळं होती. नवी नायलॉनची चाळणी आली. रोज पंधरा नमुने मी चाळायचे आणि टाचणी मोजायची. दर आठवड्याला शेतकऱ्यांना पत्रं जायची, ‘आमचा आधीचा आकडा चुकला होता, नवा असा आहे.’ कार्यालयातला कारकून पत्रांवर शिक्के मारता मारता म्हणाला, “काय मावशी, पितळ उघडं पडलं म्हणायचं!” मी म्हटलं, “पडलं नाही बाबा, मी उघडं केलं. शिक्का सरळ मार.” फोनवर शिव्या देणारेही भेटले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या हंगामात ज्यांनी जस्त घातलं त्यांच्या मक्याची पानं टाचणी घेऊन आली. हिरवी, पट्टा नाही. तिनं सगळी माझ्या टेबलावर पसरली आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या बघत बसलो. इतका आनंद मला माझ्या लेकाच्या निकालालाही झाला नव्हता, आणि तो पहिला आला होता.

माझ्या शेवटच्या आठवड्यात नवे संशोधक रुजू झाले, नऊ जण. सगळे हुशार, गळ्यात ओळखपत्रं, चेहऱ्यावर ताठा. टाचणीनं त्यांना माझ्याच खोलीत उभं केलं. सगळे शिंकून झाल्यावर तिनं ही गोष्ट सांगितली. पान काय म्हणत होतं, नकाशा काय म्हणत होता, चाळणीनं कसा घोळ घातला. पोरं हसली. एकानं विचारलं, “मॅडम, इतकी साधी चूक? केली कुणी?”

टाचणी म्हणाली, “आमच्या प्रयोगशाळेनं.” माझ्याकडे बघायचं तिनं मुद्दाम टाळलं. मला सांभाळून घेत होती.

मी कोपऱ्यातून हात वर केला. “मी. मीच केली, मीच शोधली आणि मीच सांगितली.”

हसणाऱ्यांचे चेहरे पडले. मला काही वाटलं नाही. खरं सांगते, सत्तावीस वर्षांत त्या खोलीत मी इतकी ताठ उभी राहिले नव्हते.

मग मागून एक हात वर आला. त्या तुकडीतली सगळ्यात हुशार म्हणून जिची ओळख करून दिली होती, ती चष्मेवाली. घसा खाकरून म्हणाली, “काल माझ्या हातून दोन नमुने टेबलावर सांडले. मी ते गोळा करून अंदाजानं दोन्ही पिशव्यांत भरले.”

टाचणीनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले आणि ओठांवर हसू.

“मग उभी काय राहिलीस?” मी त्या पोरीला म्हटलं. “दोन्ही पिशव्या आण. आधी टाकून देऊ, मग कपाटातली ढेकळं काढू. चल, मी दाखवते.”