वाटेतला चौकोन

ताईच्या संगणकाच्या पडद्यावर दोन चौकोन होते. डावा म्हणजे खालची वस्ती, उजवा म्हणजे वरची वस्ती. चौकोन म्हणजे साठा. पिंपात पाणी असावं तशी त्यात माणसं. एकातून दुसऱ्याकडे तिनं बाण ओढला. बाण म्हणजे प्रवाह, आणि त्याच्या मधोमध एक इवलीशी तोटी. ती किती उघडायची ते आपण सांगायचं, की डावीकडची माणसं उजवीकडे जाऊ लागतात. नदीचा बांध खचत चालला होता. खालची वस्ती उठवायची होती, आणि ती कशी उठेल हे आधी संगणकावर करून बघायचं काम ताईच्या कचेरीकडे आलं होतं. त्या वस्तीत पाय रोवून बसलेल्यांत एक तिची स्वतःची आई होती.

शेजारच्या टेबलावरच्या चष्मेबहाद्दरानं मान लांब केली. "काय हो ताई, तुमची माणसं पंख लावून जातात का? इथून सुटली की तिथं हजर!"

"मग?"

"मधे ट्रक आहे, नाक्यावरची तपासणी आहे, शाळेतला मुक्काम आहे. 'वाटेत' असा एक चौकोन घाला की मधे."

ताईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्या चौकोनापाशी येऊनच तिचा हात आखडत होता.

मागच्या पुरात तिचा धाकटा भाऊ अशाच एका ट्रकमध्ये चढला होता. "तू मागनं ये गं आई, मी वर जाऊन जागा धरतो!" असं ओरडून त्यानं हात हलवला होता. ट्रक वर पोचला, मागच्या फाळक्याची साखळी खळकन सुटली, सगळे उतरले. तो उतरला नाही. वाटेत कुठं उतरला म्हणावं, तर तेही कुणी पाहिलं नव्हतं. पूर ओसरल्यावर आई खालच्या घरी परतली ती तिथंच राहिली. दाराला आतून कडी म्हणून घालायची नाही, असा तिनं नेम केला.

ताईनं मधला चौकोन आखला. जुना बाण पुसून दोन नवे ओढले: खालून वाटेत, वाटेतून वर. मग कळ दाबली. आलेखात खालच्या वस्तीची रेघ उतरली, वरच्या वस्तीची चढली. मधली फुगली, ओसरली आणि तळाशी जाऊन आडवी झाली. पण तळाला टेकेना. ताईनं महिने वाढवले, वर्षं वाढवली. रेघ तळापासून केसभर वर, तशीच.

"वाटेत कुणीतरी उरतंय," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

चष्मेबहाद्दर हसला. "असंच असतं ते. आत असतील त्यातला ठरावीक हिस्सा रोज बाहेर पडतो. उरलेल्यातला पुन्हा तेवढाच हिस्सा. सगळं कधी रिकामं होतच नाही. पाव माणूस, मग त्या पावाचा पाव... साहेबांना तेवढंही खपणार नाही. उरेल ते बाहेर ओतणारा एक बाण जोडा आणि शून्य धरा."

शून्य धरा. इतकी वर्षं सगळे आईला दुसरं काय सांगत होते?

संध्याकाळी ताई संगणक काखोटीला मारून खालच्या घरी गेली. आजूबाजूची घरं ओस पडली होती.

"आई, उद्याचा ट्रक शेवटचा."

"जा की मग. तुला कुणी बांधून ठेवलंय?"

"आणि तू?"

"मी गेले नि तो आला, तर काय कुलपाशी बोलेल?"

इतक्यात वळणावर ट्रकचा ब्रेक लागला. साखळी खळकन सुटली. दोघींनी श्वास रोखून कानोसा घेतला. पायरीवर कुणी चढलं नाही. ताईनं दारातून डोकावलं. रस्ता मोकळा होता, धूळसुद्धा उडालेली नव्हती. आई शांतपणे म्हणाली, "रोजचंच आहे."

ताई संगणक उघडून कामाला बसली. तिनं 'वाटेत'मधून एक बाण ओढून मोकळ्या जागेत सोडला. असा बाण अधांतरी सोडला की त्याच्या टोकाला आपोआप एक ढग उमटतो.

"ते गं काय, ढगासारखं?" आई पाठीशी येऊन उभी होती.

"ते चित्राच्या बाहेर, आई. तिथं गेलेलं मोजायचं नसतं."

आईनं वाकून तो ढग न्याहाळला. मग म्हणाली, "पूस ते."

ताईनं पुसलं. आईनं मधल्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे कोण?"

"वाटेतले."

"ह्यांना खाली यायला बाण कुठाय?"

ताई थबकली. एक बाण ओढायला कितीसा वेळ लागतो? पण आईशी खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. "नाहीये गं. वर जायला निघालेली माणसं ती. वरच पोचतात."

"एकही मागं येत नाही?"

"नाही."

आई उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. "आणि मी बसलेय इथं दार उघडं टाकून! जागा धरतो म्हणाला होता गधडा. तोच तिथं खोळंबला असेल."

दुसऱ्या दिवशी आईनं गाठोड्यात त्याच्या चपला घातल्या आणि दाराला कुलूप लावलं. ट्रकमध्ये ताईनं तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं. नाका गेला, शाळा गेली, तरी ताईचा जीव टांगणीलाच होता. अखेर ट्रक थांबला. साखळी खळकन सुटली. सगळे उतरले, आई मात्र फाळक्याशी उभीच.

"उतर ना आई."

"थांब जरा. घाई काय आहे?" आई एका अंगाला सरकली, अरुंद जिन्यात कुणाला पुढं जाऊ द्यावं तशी. आईखेरीज रिकामा झालेला ट्रक किंचित हलला, आणि कुणी उडी मारल्यावर उचलला जातो तसा बोटभर वर आला. मग आईनं हात पुढं केला. "हं, आता धर मला."

ड्रायव्हर मागं आला. "झाले का सगळे?"

"आता झाले," आई म्हणाली.

नव्या खोलीत शिरल्याशिरल्या आईनं दाराला आतून कडी घातली. कितीतरी वर्षांनी ताई तो आवाज ऐकत होती. तिनं भिंतीशी अंथरूण घालायला घेतलं.

"तिथं नको गं," आई म्हणाली. "ती जागा धरलेली आहे."