झाकणभर औषध

पोळ्याच्या आदल्या दिवशी रंजीता फाट्यावर बसमधून उतरली, तेव्हा समोरच्या मोठ्या बोर्डावर तीच हसत उभी होती. अंगात कबड्डीचा टी-शर्ट, हातात निळी बाटली आणि खाली ठळक मराठी अक्षरं: ‘आमच्या वावरात हेच!’

तिने मान खाली घातली आणि गावाच्या वाटेला लागली.

आदिलाबादच्या कॉलेजात ती दुसऱ्या वर्षाला होती. कबड्डीच्या संघात चढाई तिचीच असायची. खेळणाऱ्या मुलींना दूध-अंडी लागतात, बूट लागतात, सामन्यांना जायला गाडीभाडं लागतं. कॉलेजकडे ते सगळं कुठलं असणार? म्हणून बियाणं आणि औषधांचे मोठे व्यापारी देवानंदसेठ पुढे आले. त्यांनी आपल्यासारखेच चार पैसेवाले गोळा केले आणि एक मंडळ काढलं. मंडळ संघातल्या चौघींना दर महिन्याला पैसे देऊ लागलं. त्या बदल्यात मुलींनी त्यांच्या दुकानांच्या जाहिराती करायच्या. कुणाच्या वाट्याला साड्यांचं दुकान आलं, कुणाच्या वाट्याला मोटरसायकलींचं. रंजीताला मिळालं कपाशीचं टॉनिक. तिची मैत्रीण रुपा मैदानात गुडघ्यावर पडली, तेव्हा हैदराबादला तिचं ऑपरेशनही मंडळानेच करून दिलं. सेठ खेळाचे खरे शौकीन होते. सामन्याला पहिल्या रांगेत बसत आणि घसा बसेपर्यंत ओरडत.

वाटेत सोनाबाईंचं वावर लागलं. रंजीता थांबली.

कपाशीच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. पानं वाटीसारखी वळली होती आणि झाडाखाली पात्यांचा, न उमललेल्या कळ्यांचा, सडा पडला होता.

“आली का वो बोर्डावाली?” बांधावरून सोनाबाईंचा आवाज आला. “तिकडं दात काढून राह्यली अन् इकडं तोंड काऊन पाडलं?”

“काकू, हे काय झालं?”

“काय ठाऊक बाई. कोणी म्हणते ऊन लागलं, कोणी म्हणते धुई-धुकं पडलं. पह्यला फवारा मारला अन् दोन-चार रोजात असं.”

“कोणता फवारा?”

“आता घ्या! तुह्याच बाटलीचा.” सोनाबाई हसल्या. “तू सांगशील अन् आमी दुसरं मारू का? आख्ख्या गावानं तेच मारलं.”

रंजीता बांधाजवळ गेली. “पंपात किती टाकलं, काकू?”

“तू टाकलं तेवढंच. अर्धा पेला.” पाण्याच्या घागरीवर पालथा घातलेला स्टीलचा पेला त्यांनी उचलून दाखवला. “आता पोळा झाला की करीच्या दिवशी दुसरा मारतो. यावेळी थोडं वरतून टाकीन म्हणते. पीक अशक्त झालं ना, त्याले ताकद पायजे.”

लहानपणी आई कामाला गेली की याच बाईने तिला आपल्या ताटात जेवू घातलं होतं. “येतो काकू,” एवढंच म्हणून ती चालायला लागली. पुढच्या वावरातही तीच तपकिरी कड होती. त्याच्या पुढच्याही.

तिला तो जाहिरातीच्या व्हिडिओचा दिवस जसाच्या तसा आठवला. दुकानातला माणूस म्हणाला होता, “एका पंपाला झाकणभरच, बरं का.” तिने झाकणभर ओतलं. पण औषध पाण्यासारखं नितळ होतं आणि कॅमेऱ्यात ते दिसेचना. कॅमेरावाला तेलुगूत म्हणू लागला, “इंका पोय्, इंका पोय्.” अजून ओत, अजून ओत. कुणीतरी चहावाल्याचा पेला आणून दिला. तिने बाटली वाकडी केली, मोठी धार पडून अर्धा पेला भरला, पेला पंपात गेला आणि सेठनी टाळ्या वाजवल्या.

बाटलीवर सगळं लिहिलेलं होतं, पण तेलुगू आणि इंग्रजीत. या सीमेवरच्या गावांतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना त्यातलं अक्षर लागत नाही. तेलुगू व्हिडिओत दुकानातल्या साहेबांनी माप तोंडाने सांगितलं होतं. मराठी व्हिडिओ एकच होता, तिचा, आणि त्यात कुणी माप सांगितलंच नव्हतं. लोकांनी तिचा हात पाहिला आणि हाताने केलं तेच केलं.

घरी पोचली तर वडील, वामनराव, बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळत होते. वर्षभर जू वाहिलेले खांदे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी असे मळतात आणि बैलांच्या कानात जेवणाचं निमंत्रण देतात.

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” वामनराव बैलाच्या कानाशी म्हणाले आणि लेकीकडे पाहून हसले. “आली का? उद्या तोरणाखाली आपली जोडी पह्यली उभी राह्यते, ध्यानात हाये ना? चांगले कपडे घाल.”

तो मान त्यांच्या घराकडे आजोबांपासून होता. रंजीता “हो” म्हणाली आणि गोठ्यामागे जाऊन तिने सेठना फोन लावला.

सेठनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“पाऊस लांबला म्हणून पान जळलं, बेटा. उद्या मी येतोच आहे. बॅनर आणतो, बाटल्या आणतो. प्रत्येक बैलवाल्याला एक बाटली फुकट. तू फक्त त्या दिवशीसारखं ओत. धार मोठी दिसली पाहिजे.”

“सेठजी, झाकणभर असं सांगू का? माईकवर?”

“सांग ना,” सेठ म्हणाले. आवाज तसाच मायेचा होता. “मग लोक काय विचारतील? आधी पेला का ओतला? तेव्हा बोट कुणाकडे जाईल? व्हिडिओत माझा चेहरा नाही, बेटा. आणि दुकान बसलं की मंडळ बसलं. रुपाच्या गुडघ्याचा व्यायाम अजून मंडळाच्याच पैशावर चालू आहे ना?”

फोन बंद झाला. गोठ्यातून हळदीचा वास येत होता.

मैदानात ती घाबरायची नाही असं नव्हतं. समोरच्या सात जणींत एकटीने शिरताना छाती धडधडायचीच. पण तिथे दम संपायच्या आत रेषेला हात लावला की सुटका होती. इथे रेषा कुठे आहे तेच दिसत नव्हतं. रात्रभर ती कूस बदलत राहिली. घरोघर जाऊन सांगावं? एक ऐकेल, दुसरा म्हणेल, व्हिडिओत तर आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आणि सोनाबाईंना काय सांगणार? काल तुमच्यासमोर उभी होते आणि गप्प बसले, हे?

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली तसे रंगवलेल्या शिंगांचे, झुली पांघरलेले बैल मैदानात येऊ लागले. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं आणि त्याच्याखाली वामनरावांची जोडी पहिली उभी होती. तोरणाच्या एका खांबाला सेठचं बॅनर होतं. त्यावरही तीच हसत होती. शेजारी टेबल, टेबलावर फवारणीचा पंप, निळी बाटली आणि एक चकचकीत पेला.

तोरण तुटलं की पोळा फुटतो, बैल आणि माणसं घरोघर पांगतात. त्याआधी झडत्या होतात. झडती म्हणजे जोडून म्हटलेली टोमण्याची ओळ. त्या दिवशी पाटलालाही बोल लावता येतो आणि कुणी रागवायचं नसतं. गावात झडतीला चंपतचा हात धरणारा कुणी नव्हता. तो पुढे आला आणि रंजीताकडे पाहून डोळे मिचकावले.

“बोर्डावर हासते गावाची लेक,
बाटल्या घेतल्या एकापरीस एक;
सेठाची तिजोरी भरली काठोकाठ,
आमच्या कपाशीनं धरली खाट!”

“हर हर महादेव!” सगळं मैदान हसत ओरडलं. सेठही हसले.

“अन् वामनरावच्या वावरात तं औंदा जवारीच हाये,” चंपत म्हणाला. “मंग हे टॉनिक पेते कोण? बैल का वामनराव?”

पुन्हा हशा. वामनरावही हसले. रंजीताला मात्र वाटलं, आपल्या अंगावरचे कपडे कुणीतरी ओढतंय.

सेठनी तिच्या हातात माईक दिला. “चल बेटा. मोठी धार.”

समोर पंधरा-वीस मोबाईल वर झाले. पहिल्या रांगेत सोनाबाई होत्या. त्यांनी नातीचा मोबाईल दोन्ही हातांनी धरला होता आणि जीभ दाताखाली धरून त्या नीट पाहत होत्या, काही चुकायला नको म्हणून.

ते पाहिलं आणि रंजीताने पेला बाजूला सरकवला.

बाटलीचं झाकण काढून ती त्यात औषध ओतू लागली. पहिल्यांदा सगळं टेबलावर सांडलं. दुसऱ्यांदा झाकण भरलं. तिने ते वर धरलं.

“एका पंपाले एवढंच.”

“काही दिसून नाही राह्यलं!” मागून कुणी ओरडलं.

“धार, बेटा,” सेठ दातांतून म्हणाले.

“दिसत नाही म्हणूनच पेला घेतला होता,” रंजीता म्हणाली. तिचा आवाज माईकमधून तिलाच परका वाटला. “तो पेला चुकीचा होता. मले तवाच सांगतलं होतं, झाकणभरच टाकाचं. म्या पेला ओतला. तुमची पानं त्यानंच…”

माईक मेला. सेठच्या ड्रायव्हरने वायर ओढली होती. रंजीताने माईक टेबलावर ठेवला, छातीत दम भरला आणि मैदानात ओरडते तशी ओरडली, “पानं त्यानंच जळली! उद्या कोणी पेला ओतू नका!”

हशा थांबला. सेठनी ड्रायव्हरला बॅनरकडे बोट दाखवून ते उतरवायची खूण केली.

सोनाबाईंनी मोबाईल खाली घेतला. “तुले ठाऊक होतं?”

“हो, काकू.”

“काल वावरात उभी होती तवा बी?”

“हो.”

सोनाबाई वळल्या आणि गर्दीतून निघून गेल्या. कुणीतरी घाईघाईने तोरण तोडलं.

पोळा फुटला की बैल दारोदार नेतात. घरची बाई त्यांचे पाय धुते, कुंकू लावते, पुरणपोळी भरवते. वामनरावांनी एक कासरा स्वतः धरला, दुसरा लेकीच्या हातात दिला. रागावले आहेत की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

“बाबा, मी घरी जाऊ?”

“बैल तुह्यासाठी थांबतीन का? चाल.”

पहिल्या दारात बाईने मान वर न करता पाय धुतले. दुसऱ्या दारात पोळी मिळाली, बोलणं मिळालं नाही. तिसरं दार लोटलेलं होतं. आत माणसांचा आवाज येत होता, पण दार उघडलं नाही. वामनराव क्षणभर थांबले आणि पुढे झाले. पुढचं दार सोनाबाईंचं होतं.

ते उघडं होतं. सोनाबाई ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पोळी भरवली, दोघांच्याही पाठीवरून हात फिरवला. रंजीताकडे पाहिलंच नाही. मग आत गेल्या आणि निळी बाटली घेऊन परत आल्या.

“हे मारू का नको आता?”

“नका मारू, काकू.”

“मंग काय करू? हाये ते पीक सावरते का?”

“मले नाही ठाऊक.”

“बोर्डावर तं सगळं ठाऊक होतं!”

रंजीताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने पुसलं नाही. “कृषी ऑफिसातल्या साहेबाले आणतो, काकू. पाहतीन, सांगतीन.”

“कोण आणीन?”

“मी.”

“कर झाली की आण. अन् त्या अलीकडच्या घरावालीच्या बी वावरात ने. दार लावून बसली ते.” सोनाबाईंनी बाटली तिच्या हातात ठेवली. “हे घेऊन जाय. मह्या घरात नको.”

बैल पुढे निघाले. बाटली हातात जड लागत होती. तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजायला लागला. रुपाचा होता. सेठ तिच्याशी बोलले असणार. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. वामनरावांनी न बोलता तिच्या हातातला कासरा घेतला.

रंजीता रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तिने फोन कानाला लावला. पलीकडे रुपा रडत होती.

“रुपा,” ती म्हणाली, “आधी मह्याकडून ऐक, काय झालं ते.”