धाब्यावरचं दार

मंजुळाबाईनं घराचं दार काढलं, तेही ऐन थंडीच्या तोंडावर. चौकटीतून दोन्ही फळ्या उचलल्या, धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, आडव्या टाकल्या आणि त्यांना पांढरा चुना फासला. शेजारची सुगंधाबाई तोंडाला पदर लावून बघत राहिली.

"मंजुळाक्का, येडी व्हयनी का तू? कुत्रं शिरी घरमा!"

"शिरू दे. मना पोऱ्याबी शिरी."

पोऱ्या म्हणजे तिचा लेक अभिमन. बेचाळीसच्या चळवळीत बाप, झुलालनाना, धुळ्याच्या तुरुंगात. आणि त्याच साली हा पठ्ठ्या इंग्रज सरकारच्या हवाईदलात भरती! रजेवर आला तेव्हा मंजुळाबाईनं गावादेखत त्याला घर बंद केलं, सुनावलं, "ह्या दारमाईन आते पाय टाकू नको." बाई रागाची खरी, पण शब्दाची त्याहून पक्की. नाना सुटून आले आणि वर्षभरात गेले. जाताना त्यांनी पोराचंच नाव घेतलं. त्याच दिवशी तिचा राग गेला, पण दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा ते काही तिला उमगेना.

मग स्वराज्य आलं. अभिमनबरोबर हवाईदलात असलेला गावचा वना रजेवर आला आणि त्यानं खबर दिली. दिल्लीला नवी तुकडी उभी राहिली होती, देशाच्या पुढाऱ्यांना विमानानं न्यायची-आणायची. अभिमन तिच्यातच होता. ज्यांचा जयजयकार करत नाना तुरुंगात गेले, त्यांना आता नानांचा लेक चहा देत होता.

"पुनाले जाताना आपलाच गाववरतून जातस, काकू. पन कोन बसेल शे, कव्हय निंघी, ते सांगानी बंदी शे."

वना गेल्यावर ती पोटभर रडली. विमान कधी येईल ठाऊक नाही ना, मग पोराला दार रोजच उघडं दिसायला हवं. उघडं तरी कशाला? चौकटीत ते नकोच! दारच नाही, तर शब्द मोडायचा प्रश्नच नाही.

तापीवरचं वारं सरळ चुलीपर्यंत यायचं. आभाळात घरघर झाली की मंजुळाबाई भाकर तव्यावर सोडून अंगणात धावायची. बऱ्याच भाकरी करपल्या.

एका दुपारी ती जात्यावर बसली होती. दारात सावली पडली. अभिमन उभा होता, एक हात वर उचललेला.

"दार कोठे शे, माय?"

"धाबावर. तुले वरतून दिसनं ना?"

खोटं बोलावं की काय, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. "नई, माय. मी मांगे चहा करत ऱ्हास. आनि वरतून गाव हरभराना दानाएवढं दिसस."

"मंग घरी उना कसा?"

"दार वाजाडसू, तू उघाडं नई ते परत चालना जासू, असं ठरायी उनू." हात अजून तसाच होता. "पन वाजाडाले दारच नई."

मंजुळाबाईनं तो हात धरला आणि त्याला आत ओढलं. किती तरी वेळ सोडलाच नाही.

"पुढारीसले चहा पाजस ना? मालेबी पाज," ती डोळे पुसत म्हणाली. "आनि मंग ते दार उतारी आन. थंडीमा कुडकुडी गऊ मी!"

दिवेलागणीला अभिमननं दार चौकटीत बसवलं. मंजुळाबाईनं आतून कडी घातली. या खेपेला पोरगा आत होता.