कॅसेटीच्या शेवटी

अयूबची कॅसेट आली की सगळं घर पडवीत जमायचं. तो कुवेतला होता. पत्र लिहायचा त्याला भारी कंटाळा, म्हणून बोललेलं फितीवर भरून गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती धाडायचा, आणि हाजरा तशीच एक भरून परत पाठवायची. त्र्याऐंशी साल होतं, खाडीकाठच्या अर्ध्याअधिक मोहल्ल्याचे संसार असेच चालले होते. आता सासू, जाऊ आणि शेजारणी यांच्या मांडीला मांडी लावून नवऱ्याचं बोलणं ऐकायचं म्हटल्यावर बायकोच्या वाट्याला येणार किती? तरी त्यातलं एखादं "हाजरा" तिला पुढच्या कॅसेटीपर्यंत पुरायचं.

या वेळी मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. मागची कॅसेट तिनं कोठीच्या खोलीत दार लावून भरली होती. चारचौघांत तोंडातून निघालं नसतं ते सगळं त्यात सांगितलं होतं, आणि पुन्हापुन्हा एकच विनवलं होतं, की कंत्राट संपतंय, आता वाढवू नका, घरी या. त्यावर तो काय म्हणतो, एवढंच तिला ऐकायचं होतं.

अम्माची तब्येत, आंब्याचा मोहोर, छपराची कौलं, सगळं झालं. मग अयूब हसला.

"हाजरा, कॅसेटीच्या शेवटाला ता गाना कोन बोलत होती गो? मेंदी ओली, पडाव सुटला, काठावरून हाक मी दिली... आनि थयच फीत संपली! फुडं काय हाय? कामावर, जेवताना, नमाजाला उभा रायलो तरी ताच डोक्यात. आता खोलीतली सगली पोरां ताच गुणगुणतात. एक तर बोलला, फुडं ती पान्यात उडी घेत असंल. बोलला नि रडला."

पडवीत हशा पिकला. सगळ्यांनी बिल्किसकडं पाहिलं. बिल्किस म्हणजे हाजराची धाकटी जाऊ, जहाजावर खलाशी असलेल्या मन्सूरची बायको, राजापूरची. कोठीला लागूनच्या चुलीपाशी भाकऱ्या थापताना ती माहेरचं लग्नाचं गाणं म्हणत होती, ते भिंतीपलीकडून फितीत शिरलं होतं. तिनं लाजून ओढणी तोंडावर घेतली. अम्मा कौतुकानं म्हणाली, "बग गो, कुवेतला पोचलीस तू!"

हाजराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण आतडी पिळवटून बोललो, त्याबद्दल चकार शब्द नाही, आणि हिच्या दोन ओळींनी माणसाला नमाज सुचत नाही! आणि आवाज तरी काय त्या बिल्किसचा? कुणाचीही हळद असो, ढोलक हाजराच्या मांडीवर असायची. बिल्किसला वरचा सूर गाठताना खोकला यायचा. पण मत्सराला असा हिशेब पटत नाही. बिल्किसनं भांडी घासली तरी हाजराला त्यात गाणं ऐकू यायला लागलं. मीठ मागितलं तरी वाटायचं, ही मला चिडवतेय.

"बिल्किसकडनं आख्खा गाना भरून घे नि धाड," अम्मानं फर्मावलं. हाजरा आज-उद्या करत राहिली. पुढं बिल्किस भाचीच्या बारशाला राजापूरला गेली, आणि नेमका तेव्हाच मोहल्ल्यातला एकजण कुवेतला निघाला. हाजरानं टेप पुढ्यात घेतला आणि चुलीपाशी ऐकून ऐकून पाठ झालेलं ते गाणं स्वतः गायलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, एक सूर न चुकवता. गाणं खरं तर पडावात, म्हणजे होडीत, बसून निघालेल्या नवऱ्या मुलाची थट्टा करायचं होतं. काठावरून हाक मी दिली, याच्या पुढं "नवऱ्या, तुझी टोपी रायली" असं होतं, मग चपला राहिल्या, मग करवली राहिली. गाऊन झाल्यावर तिला फार हलकं वाटलं. आता अयूबच्या डोक्यात बसेल तर माझा आवाज बसेल.

जबाब आला तेव्हा बिल्किस परतली होती. पुन्हा सगळे पडवीत बसले.

"हाजरा, झकास बोललीस गो गाना! टोपी रायली आयकून पोरां हसून हसून लोळली. आनि काय सांगू, त्या दिवसापासून ता डोक्यातून गेला तो गेलाच. सुटलो बग! माज्या टेपाची फुडं-मागं पळवायची कळ मोडलीय. त्या गान्यापाशी जायचा म्हंजे तुजा सगला बोलना पयल्यापासून आयकायला लागायचा. रोज आयकायचो. रोज तू घरी या बोलायचीस नि माजा जीव कासावीस व्हायचा. सायबाला जाऊन सांगणार होतो, मी चाललो म्हनून. आता बरा वाटतो. ती जुनी कॅसेट बाजूच्या खोलीतल्याला दिली, त्याला घरी बोलना भरून धाडायला पायजे होती. आनि अम्मा, खुशीची गोष्ट, दोन सालांची सही केली."

अम्मानं दोन्ही हात उचलून दुवा दिली. शेजारणींनी मुबारक म्हटलं. हाजराही हसली, हसावंच लागलं. स्वतःच्या गळ्यानं आपण काय घालवलं, हे तिथं फक्त तिलाच कळलं होतं, आणि सांगावं असं माणूस कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कोरी कॅसेट घातली, टेप कोठीच्या खोलीत नेला आणि दार लावायच्या आधी चुलीपाशी आली. बिल्किस पीठ मळत होती.

"बिल्किस, फीत संपत आली का मी भिंतीवर थाप मारीन. तवा एक गाना सुरू कर."

बिल्किसनं दचकून वर पाहिलं. इतके दिवस धड न बोलणारी जाऊ आज गाणं मागत होती. "कुठला बोलू, भाभी?"

हाजरा कोठीच्या दाराकडं वळली.

"मना येत नाय असा कुठला पन बोल," ती म्हणाली.