गुरुवारचा डबा

अमेरिकेतल्या रेडमंडला जानेवारीत उजाडत नाही. अंधार नुसता करडा होतो आणि लोक त्यालाच सकाळ म्हणतात. २००७ सालच्या त्या गुरुवारी पावसात बर्फाचा चुराही मिसळला होता. प्रतिमा येवलेकर बसमधून उतरून ऑफिसात शिरली तेव्हा तिची बोटं पार बधिर झाली होती.

टीममधल्या सहा मराठी माणसांचा एक रिवाज होता. दर गुरुवारी एकाने सगळ्यांसाठी घरचं जेवण आणायचं. मॅनेजर मोरेश्वरने तो सुरू केला होता. चांगलं काम कुणाला, ग्रीन कार्डाची फाइल कुणाची पुढे, हे मीटिंगमध्ये ठरतं असं म्हणायची पद्धत आहे. खरं ठरायचं ते या टेबलावर, लोणच्याच्या फोडीबरोबर.

आजचा डबा रवी मेश्रामचा होता. तो नागपूरहून येऊन चारच महिने झाले होते. त्याच्याकडे आलेल्या आईने, रत्नाबाईंनी, पहाटे उठून सगळ्यांना पुरेल एवढा पाटवडीचा रस्सा केला होता. पण रविवारी मोरेश्वर रवीला घरी सोडायला गेला होता आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहून चहा न घेताच परतला होता. सोमवारी ही बातमी सगळ्यांच्या कानी पोचली. सात समुद्र ओलांडताना आपण लोणची-पापड मोजून आणतो. ही घाण मात्र न मोजता येते.

"अरे, मला कॉन्फरन्स कॉल आहे," मोरेश्वर म्हणाला.

"माझं पोट बिघडलंय यार," संग्राम म्हणाला. हिमानी आणि श्रीराम तर टेबलाकडे फिरकलेच नाहीत.

रवीने प्रतिमाकडे पाहिलं. "ताई, तुम्ही तरी?"

"माझा गुरुवार असतो रे," ती म्हणाली.

गेल्याच गुरुवारी मोरेश्वरच्या घरचा मसालेभात तिने दोनदा वाढून घेतला होता. वाढला होता रवीनेच. त्याने डब्याचं झाकण लावलं.

दुपारी मोरेश्वरने तिला केबिनमध्ये बोलावलं. "रिव्ह्यू आलेत. रवीबद्दल फीडबॅक लिहून दे. टीममध्ये मिसळत नाही, असं."

"त्याचं काम तर चांगलं आहे."

"कामाचं कोण बोलतंय? त्याला टीममधून रिलीज करायचंय." मग तो हसला. "तुझी फाइल माझ्याकडेच आहे ना? आपल्या माणसांनी आपल्या माणसांना सांभाळायचं असतं."

येवलेकर हे आडनाव प्रतिमाच्या वडिलांनी, शंकररावांनी, ती शाळेत जायच्या आधी बदलून घेतलं होतं. "कुणी विचारलं तर गाव सांगायचं," एवढंच ते म्हणाले होते. पाच वर्षं ती या टेबलावर गाव सांगून जेवत होती. आणि त्याच आडनावाच्या आडून तिने आज आपल्याच माणसाचा डबा नाकारला होता.

ती पाणी प्यायला पँट्रीत गेली. रवी कचऱ्याच्या डब्यावर वाकून चमच्याने रस्सा खरवडून टाकत होता.

"आई विचारन ना ताई. डबा रिकामा दिसला पाह्यजे," तो मान वर न करता म्हणाला.

प्रतिमाने डबा त्याच्या हातातून ओढून घेतला. तळाशी दोन पाटवड्या उरल्या होत्या. थंडगार. तिने त्या उभ्यानेच खाल्ल्या, आणि तिला रडू फुटलं.

"मी गुरुवार धरत नाही, रवी. तोच फोटो माझ्या वडिलांच्या खोलीत आहे."

रवीच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "मग मघाशी का नाही बोलल्या?"

प्रतिमा जागेवर गेली आणि तिने लिहिलं: 'रवी मिसळत नाही हे खोटं आहे. त्याच्या जातीमुळे आम्ही त्याच्या घरचं अन्न नाकारलं. त्या जातीची असूनही मी त्यात सामील होते.' एक प्रत मोरेश्वरला, एक एचआरला.

एचआरच्या बाईंनी तिला आदराने बसवून विचारलं, जात म्हणजे नक्की काय? कंपनीच्या नियमांत तसा शब्द नव्हता. मार्चमध्ये रवीची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर व्हिसाही. प्रतिमाची फाइल अडकली ती अडकलीच. गुरुवारचं टेबल चालू राहिलं. तिथे तिला आता कुणी बोलावत नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती.

निघायच्या दिवशी ती रवीला आणि त्याच्या आईला सोडायला विमानतळावर गेली. रवी काउंटरवर सामान देत होता. रत्नाबाईंनी तिचा हात धरला.

"पाटवड्या आवडल्या होत्या ना वं साऱ्यायले? डबा रिकामा आला होता, म्हणून इचारलं."

एक खोटं बोलून म्हातारीचं मन राखता आलं असतं. प्रतिमाच्या ओठांवर ते आलंही होतं.

"मी खाल्ल्या, मावशी. मी एकटीनेच."

तेवढ्यावरून रत्नाबाईंना सगळं कळलं. ते कळायला त्यांना अमेरिकेला यायची गरज नव्हती.